पूर्ण एक मिनिट

पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात त्यांना सगळे मिनिटबाई म्हणायचे. तोंडावर सिस्टर आणि पाठीमागे मिनिटबाई. हे त्यांना ठाऊक आहे, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. रुग्णाचे श्वास मोजायचे तर पूर्ण एक मिनिट मोजायचे, एवढाच त्यांचा हट्ट, आणि नाव पडलं ते त्यावरूनच. एकतीस वर्षं नोकरी झाली, केस पिकले, चष्म्याचा नंबर वाढला, वॉर्डातल्या खाटा तीनदा बदलल्या. छातीवर उलटं टाचलेलं घड्याळ आणि ते मिनिट मात्र बदललं नाही.

कुणी म्हणेल, यात काय एवढं? सगळ्याच नर्स श्वास मोजतात. इथेच तर गोम आहे. मोजत नाहीत. ताप थर्मामीटर सांगतं, बीपी यंत्र सांगतं, नाडी बोटाला लावलेला चिमटा दाखवतो. श्वास मात्र माणसाने माणसाकडे बघत बसून मोजावा लागतो, आणि चाळीस खाटांच्या वॉर्डात बसायला वेळ कुणाला आहे? मग चार्टावरच्या त्या रकान्यात अठरा लिहायचं. अठरा, वीस, अठरा. एखादी जरा मन लावून काम करणारी असली तर पंधरा सेकंद मोजून चारने गुणते, नाहीतर अर्धं मिनिट मोजून दुप्पट करते. मिनिटबाईंना त्या गुणाकाराची भारी चीड. "माणूस काय पाढे म्हणत श्वास घेतो?" असं त्या नव्या पोरींना विचारायच्या. त्यांच्या स्वतःच्या चार्टावर सतरा, एकवीस, तेवीस असले अडनिडे आकडे असत. पूर्ण मिनिट मोजलं की असेच आकडे येतात. गुणाकारात ते कधी येत नाहीत.

त्यांची दुसरी शिकवण अशी, की श्वास मोजतोय हे रुग्णाला कळू द्यायचं नाही. "तुमचा श्वास मोजते हं," म्हटलं की माणूस सावध होतो आणि शहाण्यासारखा मोजून मापून श्वास घ्यायला लागतो. मग तो आकडा काय कामाचा? म्हणून मिनिटबाई मनगट धरायच्या, जणू नाडीच बघतायत. नजर घड्याळावर, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून पांघरुणाकडे लक्ष. पांघरूण वर गेलं, खाली आलं, एक. रुग्णाला वाटायचं, सिस्टर किती मायेच्या, हात धरून बसतात.

त्यांचा नवरा शिंपी. घरातल्या पुढच्या खोलीतच त्याचं मशीन होतं. तो चेष्टा करायचा, "सगळ्या जगाचे हात धरते आणि माझा धरायला वेळ नाही हिला!"

"तुमचा श्वास मला भिंतीपलीकडून ऐकू येतो," मिनिटबाई म्हणायच्या. "त्याला हात कशाला धरायला पाहिजे?" कारण तो घोरायचा, आणि मान्य करायचा नाही.

चौदा वर्षांपूर्वी त्यांच्या हाताखाली एक विद्यार्थिनी आली. काडीसारखी बारीक, आई नुकतीच गेलेली, वसतिगृहात राहणारी. पहिल्याच दिवशी जखमेची पट्टी बदलताना ती चक्कर येऊन पडली. मिनिटबाईंनी तिला उचलून बसवलं, पाणी पाजलं आणि म्हणाल्या, "पडून झालं ना एकदा? आता परत ये, अर्धी पट्टी राहिलीय." पोरगी परत आली. मिनिटबाई चार भावांत वाढलेल्या, पाठीवर बहीण नव्हती. त्यांनी तिला धाकटी म्हणायला सुरुवात केली आणि तिने त्यांना ताई. सुट्टीच्या दिवशी ती त्यांच्याच घरी जेवायची, त्यांच्याच माचीवर पाय पसरून अभ्यास करायची. नोकरी लागली तेव्हा तिचा पहिला गणवेश मिनिटबाईंच्या नवऱ्याने शिवला. शिलाई घेतली नाहीच, वर आतून दोन इंच कापड राखून ठेवलं. "पोर अजून अंगाने भरेल," म्हणाला.

पुढे एकदा मिनिटबाईंचा उजवा हात मोडला. रजा शिल्लक नव्हती, आणि घरी बसवतही नव्हतं, म्हणून त्या प्लास्टर घालून कामावर यायच्या. डाव्या हाताने मनगट धरायच्या, आकडा बोलायच्या, आणि धाकटी तो चार्टावर लिहून खाली त्यांची सही करायची. एक लाटेसारखी रेघ आणि शेवटी दोन ठिपके. सहा आठवड्यांत ती सही धाकटीच्या हातात इतकी बसली की मिनिटबाईंनाच फरक कळेना. "माझ्यापेक्षा तूच चांगली करतेस," असं त्या कौतुकाने सगळ्यांना सांगत सुटल्या. आपणच आपल्या घराची किल्ली दुसऱ्याच्या हाती देतोय, हे त्या बाईच्या मनातही आलं नाही.

धाकटी हुशार होती, हे कुणीही मान्य करेल. तिने पुढच्या परीक्षा दिल्या, साहेबांपुढे चार वाक्यं नीट बोलायला शिकली, आणि एक दिवस त्याच वॉर्डाची इन्चार्ज झाली. मिनिटबाईंनी स्वतः ती बढती दोनदा नाकारली होती. "टेबलाशी बसून श्वास दिसत नाहीत," हे त्यांचं कारण. आता त्या धाकटीच्या हाताखाली होत्या आणि त्याचा त्यांना काडीचाही सल नव्हता. उलट नवऱ्याने त्या दिवशी अख्ख्या वॉर्डाला चहा पाजला. वॉर्डात धाकटी त्यांना सिस्टर म्हणायची, दाराबाहेर ताई.

हे सगळं सांगितलं ते एका सोमवारसाठी. त्या दिवशी रुग्णालयाची तपासणी करायला बाहेरून मंडळी आली होती. चादरी कडक, फरशा चकचकीत, आणि सगळ्यांच्या तोंडी नको तितकं गोड बोलणं. असिस्टंट मेट्रनची जागा रिकामी होती आणि धाकटीचं नाव यादीत पहिलं होतं, त्यामुळे सकाळपासून तिचा पाय एका जागी ठरत नव्हता.

नऊ नंबरच्या खाटेवर एक फरशीवाला होता. घराघरांत फरशा बसवणारा, पंचेचाळिशीचा, रांगडा, गप्पिष्ट. आतड्याचा एक तुकडा काढून दोन टोकं जोडली होती, आणि ऑपरेशनचा तिसरा दिवस होता. आठ वाजता मिनिटबाईंनी त्याचं मनगट धरलं. "काय, कसं काय?"

"एकदम... झकास, सिस्टर. उद्या... सोडताय ना?"

सहा शब्दांत दोनदा थांबला. काल हाच माणूस वॉर्डाच्या फरशा कशा तिरक्या बसवल्यात यावर भाषण देत होता. ताप म्हणावा असा नाही, बीपी ठीक, चिमट्यावरचा ऑक्सिजनही ठीक. पण पांघरूण सत्तावीस वेळा वर गेलं. त्यांनी ते बाजूला करून पोटावर हात ठेवला. पोट कालच्यापेक्षा घट्ट लागत होतं, आणि हात लागताच त्याने गुडघे वर घेतले. लघवीच्या पिशवीत पहाटेपासून जेमतेम पेलाभर. दहा वाजता पुन्हा मोजले तर एकोणतीस. आता तो उगाच चादरीची कड बोटांनी चिवडत होता.

आतली जोडणी सुटली की पहिली बोंब श्वास मारतो. बीपी पडतं ते फार नंतर, आणि तोवर उशीर झालेला असतो. मिनिटबाईंनी हे तीनदा पाहिलं होतं, त्यातले दोघे वाचले नव्हते. तासभर निरोप धाडूनही ड्युटीवरचा डॉक्टर थिएटरातच अडकलेला, आणि मोठ्या सर्जनना थेट फोन करण्याचा मान त्या वॉर्डात फक्त इन्चार्जचा. अकरा वीसला त्या धाकटीकडे गेल्या. "नऊ नंबर बिघडतोय. श्वास एकोणतीस, पोट घट्ट, लघवी कमी. सरांना आत्ता बोलाव."

"लगेच करते फोन," धाकटी म्हणाली. हातात तपासणीवाल्यांची फाईल होती. मिनिटबाईंनी खाटेशी परत येऊन चार्टावर ते आकडे लिहिले आणि खाली ओळ टाकली, 'अकरा वीस, इन्चार्ज सिस्टरना कळवले.' एक वाजता एकतीस झाले. त्या पुन्हा धावत गेल्या.

"केलाय फोन, सिस्टर. येतायत सर. मंडळींना वाटेला लावलं की येतायत."

ही एकच गोष्ट त्या दिवशी मिनिटबाईंनी न मोजता मान्य केली. दुसरी कुणी असती तर त्यांनी रिसीव्हर उचलून खात्री केली असती, मान गेला खड्ड्यात. पण सांगणारी धाकटी होती. दोन वाजता त्यांची पाळी संपली. पुढच्या पाळीच्या मुलीला त्यांनी खाटेशी नेऊन सगळं दाखवलं, सर येतायत म्हणून सांगितलं, आणि त्या घरी गेल्या.

सर आले नाहीत. त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं. चारच्या सुमारास फरशीवाल्याचं बीपी कोसळलं, अंग गार पडलं, आणि त्याला तसाच थिएटरात नेला. दुसऱ्यांदा पोट उघडलं. सतरा दिवस तो यंत्रावर होता. वाचला, पण पोटावर मलाची पिशवी आली, आणि ओणवं होऊन फरशा लावण्याचं काम त्याचं कायमचं सुटलं. त्याच्या बायकोने तक्रार केली. करायलाच हवी होती.

महिन्याभराने चौकशी बसली. अधीक्षकांच्या खोलीत टेबलाच्या एका बाजूला अधीक्षक आणि मेट्रन, आणि भिंतीकडेच्या खुर्चीवर इन्चार्ज म्हणून धाकटी. मिनिटबाई निर्धास्त होत्या. आपण सगळं लिहिलेलं आहे, वेळेसकट. मग अधीक्षकांनी चार्टाचा कागद पुढे सरकवला.

श्वासांच्या रकान्यात अठरा, वीस, अठरा. त्याखाली 'विशेष तक्रार नाही.' अकरा वीसची ओळ कुठेच नव्हती. सगळ्यात खाली लाटेसारखी रेघ आणि दोन ठिपके.

मिनिटबाईंनी कागद उचलून उलटसुलट पाहिला. कागद नवा होता, त्याच्या कोपऱ्यावर सलाईनचा डागसुद्धा नव्हता. आणि ती सही जगात दोघींनाच येत होती. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. धाकटी आपल्या नखांकडे बघत होती.

"हा कागद माझा नाही," त्या म्हणाल्या. "मी सत्तावीस, एकोणतीस, एकतीस लिहिले होते. माझे जुने चार्ट काढून बघा. अठरा-वीस अशी माळ माझ्या हातून कधी गेली नाही."

"आकडे विषम असणं हा काही पुरावा होत नाही, सिस्टर. पुढच्या पाळीच्या मुलीलाही ते आठवत नाहीत. सही तुमची आहे?"

"माझ्यासारखी आहे. हात मोडला होता तेव्हा माझी सही ही करायची. हिला येते."

अधीक्षकांचं पेन कागदावर टेकलं. "म्हणजे तुम्ही तुमच्या सह्या दुसऱ्यांकडून करून घेत होता?"

मिनिटबाईंनी मान डोलावली. होय, घेत होते. माणूस खरं बोलून स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतो तो असा. अधीक्षकांनी ते लिहून घेतलं आणि म्हणाले, "मग आपण रुग्णालाच विचारू."

फरशीवाल्याला चाकाच्या खुर्चीतून आणलं. अर्धा राहिला होता बिचारा. खुर्ची त्याची बायको ढकलत होती. मिनिटबाईंना बघून तो ओळखीचं हसला, आणि त्यांच्या जिवात जीव आला.

"त्या दिवशी या सिस्टरनी तुमचे श्वास मोजले होते का?" अधीक्षकांनी विचारलं.

"श्वास?" तो विचारात पडला. "नाही बुवा, साहेब. खोटं कशाला बोलू? पण बाई लाख मोलाची हं. दर वेळी येऊन माझा हात धरून बसायच्या. नाडी बघायच्या, विचारपूस करायच्या. श्वास-बिस काही मोजला नाही."

तो बिचारा त्यांची बाजूच घेत होता.

त्याची बायको मात्र मिनिटबाईंकडे वळली. आवाज चढवला नाही तिने. "माझा माणूस धापा टाकत होता. तुम्ही नुसता हात धरून बसलात. एवढं साधं मोजायचं तेसुद्धा झालं नाही तुमच्याने?"

मिनिटबाईंनी समजावून सांगितलं. मनगट धरायचं, मोजायचा श्वास, रुग्णाला कळू द्यायचं नाही. सांगताना त्यांच्याच कानाला ते थापेसारखं ऐकू यायला लागलं. एकतीस वर्षं जी गोष्ट कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून धडपड केली, ती खरंच कुणाच्या लक्षात आली नव्हती. खोलीत एकाच माणसाला ती माहीत होती.

अधीक्षक तिकडेच वळले. "तुम्ही यांच्याच हाताखाली शिकलात ना? अशी काही रीत आहे का यांची?"

एक शब्द पुरे होता. 'आहे' म्हटलं असतं तरी भागलं असतं. मिनिटबाई तिच्याकडे टक लावून बघत होत्या. लहान भावंड स्टेजवर ओळ विसरलं की आपण बघतो ना, तसं. सांग ना गं.

धाकटी उभी राहिली. "श्वास पूर्ण मिनिट मोजावा असं पुस्तकात आहे, सर," ती म्हणाली. "पण त्या दिवशी सिस्टरना श्वास मोजताना मी पाहिलेलं नाही."

शब्द न् शब्द खरा होता. कुणीच पाहिलं नव्हतं, कारण कुणाला दिसू नये असंच ते काम होतं, आणि ते तसं करायला मिनिटबाईंनीच तिला शिकवलं होतं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि केस विंचरून, वेणी घालून द्यायलाही कधीकाळी याच बाई होत्या.

निकाल लागला. हलगर्जीपणाचा शेरा, वॉर्डातून बदली, आणि निवृत्तीपर्यंतचे उरलेले महिने तळमजल्यावरच्या कपड्यांच्या खोलीत. धुऊन आलेल्या चादरी मोजायच्या आणि वॉर्डांना वाटायच्या. त्यानंतर पंधरा दिवसांनी धाकटी असिस्टंट मेट्रन झाली. घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. त्याला या वेळी काही चेष्टा सुचली नाही. मशीनवरचा पाय थांबवून तो एवढंच म्हणाला, "तिच्या गणवेशात दोन इंच कापड राखलं होतं मी."

शेऱ्याचं मिनिटबाईंनी मनाला लावून घेतलं नाही, असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. पण त्याहून जिव्हारी लागली ती फरशीवाल्याची बायको. ती पिशव्या न्यायला दर आठवड्याला यायची, कपड्यांच्या खोलीवरूनच जायची, आणि दारात मिनिटबाई दिसल्या की तोंड फिरवायची. जिने निदान आपल्यावर विश्वास ठेवावा असं त्यांना वाटत होतं, तिच्याच लेखी त्या नवऱ्याला धापा टाकताना बघत बसलेली बाई होत्या.

दोन महिन्यांनी, भर दुपारी, धाकटी त्या खोलीत आली. अंगावर नवा गणवेश. दार लोटून घेतलं आणि म्हणाली, "ताई."

मिनिटबाई चादरी मोजत होत्या. "त्रेचाळीस," म्हणाल्या आणि थांबल्या.

"मी विसरले होते, ताई. खरंच विसरले. ती मंडळी होती, सर त्यांच्याबरोबर होते, मधे कसं बोलवायचं म्हणून पाच मिनिटं थांबले आणि डोक्यातून गेलं. तुम्ही परत विचारलंत तेव्हा तोंडातून निघून गेलं, केलाय म्हणून. मग तो तसा झाल्यावर घाबरले. तुमचं थोडंच राहिलंय, माझं सगळं पुढे आहे, असं वाटलं." ती रडायला लागली. "झोप लागत नाही मला. सारखी छाती धडधडते. एकदा माफ केलं म्हणा ना."

मिनिटबाईंनी स्टूल पुढे सरकवलं. त्यांना तिची दया आली, आणि आली म्हणून स्वतःचा रागही आला. काय करणार, चौदा वर्षांची सवय.

"तू अधीक्षकांना काही लिहून द्यायला नको," त्या म्हणाल्या. "शेरा राहू दे. फक्त त्या फरशीवाल्याच्या बायकोला सांग, की मी मोजले होते. एवढंच. आज ती येईल, चारला."

धाकटीने डोळे पुसले. "सांगते ना. नक्की सांगते, ताई. फक्त सहा महिने जाऊ देत. मी या जागेवर कायम झाले की पहिलं काम तेच. शपथ."

मिनिटबाईंनी हात पुढे करून तिचं मनगट धरलं. धाकटीला वाटलं, सुटले एकदाची. तिने दुसरा हातही त्यांच्या हातावर ठेवला. मिनिटबाईंची नजर छातीवरच्या घड्याळावर होती. पहिले सहा श्वास भराभर आले, दम लागलेल्या माणसासारखे. मग धाकटीची नजर खाली गेली. मनगटावरची बोटं तिने पाहिली, घड्याळ पाहिलं, आणि तिच्या ध्यानात आलं. तिला नाही कळणार तर कुणाला? तिचे खांदे खाली आले. श्वास सावकाश व्हायला लागला, एकसारखा, मोजून मापून. रडणंही थांबलं.

मिनिटबाईंनी मनगट सोडलं नाही. काटा फिरून जागेवर येईपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या, पूर्ण एक मिनिट.

"अठरा," त्या म्हणाल्या. "आता तुला खोटं लिहावंसुद्धा लागणार नाही."

त्यांनी तिचा हात तिच्या मांडीवर ठेवला, वळल्या, आणि चादरी पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतल्या.